झूम एफ-३, दोन माईक आणि एक अॅल्युमिनियमची पट्टी

घरगुती बैठका आणि छोट्या सभागृहातल्या मैफली रेकॉर्ड करायच्या असतील, तर झूम या रेकॉर्डर बनवणाऱ्या कंपनीचा एफ-३ हा माझ्या मते आज सगळ्यात कामाचा रेकॉर्डर आहे. २०२२ मध्ये आलेला हा चौकोनी डबा हातात सहज मावतो. दोन एक्सएलआर इनपुट (माईकची तीन पिनांची वायर लावायच्या जागा), एक छोटा पडदा, बस्स. स्वतःचा माईक नाही. बऱ्याच जणांना ही उणीव वाटते. मला तोच त्याचा मोठा गुण वाटतो, आणि का ते जरा सविस्तर सांगते.

मी पेटी वाजवते. मैफलीचं रेकॉर्डिंग हातात आलं की मी आधी पेटी कुठे आहे ते शोधते, आणि बहुतेक वेळा ती गायकाच्या आवाजामागे दडपलेली सापडते. हातात धरायच्या रेकॉर्डरवर दोन माईक कायमचे बसवलेले असतात, बहुधा ९० अंशांत, तोंडाला तोंड लावून. याला एक्सवाय म्हणतात. या मांडणीत समोरचा जवळजवळ १८० अंशांचा पट दोन स्पीकरांच्या मधल्या जागेत बसतो. आपली बैठक असते अडीच मीटर रुंद. दोन मीटरवरून पाहिलं तर ती जेमतेम ६५ अंश व्यापते. म्हणजे स्पीकरांमधली दोन तृतीयांश जागा रिकामी, आणि तबला, गायक, पेटी एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे मधोमध. रेकॉर्डर आणखी पुढे सरकवला तर मागच्या रांगांना गायक दिसत नाही आणि गायकालाही समोर तो डोळा नकोसा होतो.

एफ-३ला माईक आपले आपण लावायचे असल्यामुळे मांडणी आपल्या हातात येते. माझ्याकडे रोड कंपनीच्या एम-५ माईकची जोडी आहे. दोन्ही कार्डिऑइड, म्हणजे पुढचं ऐकणारे आणि मागचं बरंच टाळणारे. मी बहुतेक वेळा ते ओआरटीएफ पद्धतीने लावते. फ्रेंच रेडिओवाल्यांनी १९६० च्या सुमारास बसवलेली ही पद्धत: माईकच्या तोंडांमध्ये १७ सेंटीमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन. उजवीकडच्या पेटीचा आवाज डाव्या माईकला किंचित उशिरा पोचतो, एकदम बाजूने आला तर सुमारे अर्धा मिलिसेकंद. आपले दोन कान अशा फरकावरूनही दिशा ओळखतात. इथे पट ९६ अंशांचा, त्यामुळे तीच बैठक स्पीकरांमधली दोन तृतीयांश जागा भरते. गायक मध्ये, तबला डावीकडे, पेटी उजवीकडे, आणि मागचे दोन तानपुरे सगळ्यांना वेढून.

यासाठी लागणारी आडवी पट्टी विकत मिळते, पण मी हार्डवेअरच्या दुकानातून फूटभर अॅल्युमिनियमची पट्टी आणली, भोकं पाडून घेतली आणि हाताने आवळता येणारे, दोन पंख असलेले नट लावले. कोन मुलीच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने आखून मार्करच्या रेघा ओढल्या. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. १७ सेंटीमीटर हे माईकच्या तोंडांमधलं अंतर आहे, भोकांमधलं नव्हे. माईक क्लिपच्या सहा सेंटीमीटर पुढे येत असेल आणि बाहेर ५५ अंशांत वळला असेल, तर त्याचं तोंड जवळजवळ पाच सेंटीमीटर बाहेर सरकतं. दोन्ही बाजूंचे मिळून दहा. भोकं १७ वर पाडलीत तर तोंडं २७ वर जातील आणि गायकाच्या आवाजाला मधोमध भोक पडल्यासारखं वाटेल. माझी भोकं सात सेंटीमीटरवर आहेत. माईक बसवले की मोजपट्टी धरून तोंडांमधलं अंतर मोजायचं, मगच नट आवळायचे.

स्टँड साधारण माणसाच्या छातीएवढा उंच, माईक किंचित खाली झुकलेले, स्टँडच्या पायांखाली घडी घातलेलं पायपुसणं. लाकडी मंचावर कुणी ठेका धरून मांडीवर थाप मारली तरी ती स्टँडमधून वर चढते. आणि माईकवर फोमची टोपी हवीच, कारण आपल्याकडे पंखा बंद करा म्हणणं उन्हाळ्यात शक्य नसतं.

आता खुद्द यंत्राबद्दल. एफ-३वर गेनचं, म्हणजे आत येणारा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारं, बटणच नाही. तो ३२-बिट फ्लोटमध्ये, म्हणजे अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज एकाच फाइलमध्ये मावेल अशा पद्धतीने, रेकॉर्ड करतो आणि आत प्रत्येक इनपुटला आवाजाचे आकडे करणारे दोन कन्व्हर्टर आहेत, एक हळू आवाजासाठी, एक मोठ्यासाठी. विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला खर्जातला एखादा स्वर आणि तासाभराने द्रुतमध्ये तिहाई घेऊन समेवर आदळणारा तबला, यांच्यातलं अंतर आठवा. पूर्वी यासाठी गेन इतका खाली ठेवावा लागे की आलाप खरखरीच्या जवळ जाई. इथे ती चिंता नाही. घरी येऊन आवाज वर-खाली करा, काहीही फाटलेलं नसतं. फक्त माईकच ओव्हरलोड झाला तर ३२-बिट वाचवत नाही. एम-५ १४० डेसिबल झेलतो, बैठकीत तेवढं कुणी वाजवत नाही. त्याची स्वतःची १९ डेसिबलची खरखर अगदी शांत खोलीत एकट्या तानपुऱ्यावर जाणवते, एरवी पंखाच तिच्यावर मात करतो.

लेव्हलवर नजर ठेवायची नसल्यामुळे साउंडचेकचा सगळा वेळ माईकच्या जागेसाठी मिळतो. हेडफोन लावून पाऊल पुढे, पाऊल मागे. पुढे गेलं की डग्ग्याचा घिस्सा अंगावर येतो, मागे गेलं की खोली ऐकू येऊ लागते. जागा सापडली की कळतं: गायकाने समेला मान तबल्याकडे वळवली की आवाजाची धार जराशी कमी होते, आणि ते रेकॉर्डिंगमध्ये तसंच्या तसं येतं.

देवळातल्या भजनी मंडळासाठी दुसरी मांडणी केली. स्विस रेडिओच्या युर्ग येक्लिनने बसवलेली तबकडी: जुन्या एलपीएवढी, ३० सेंटीमीटरची. मी प्लायवूड कापून दोन्ही बाजूंना फोम चिकटवला, आणि दोन्ही बाजूंना एकेक सर्वदिशी माईक, १६.५ सेंटीमीटर अंतरावर. वर्तुळात बसलेल्यांचे टाळ आणि पखवाज त्यात फार सुंदर पसरतात.

उणिवा सांगायलाच हव्यात. एम-५सारख्या कंडेन्सर माईकना रेकॉर्डरकडूनच वीज लागते; ते ४८ व्होल्ट द्यायला लागलं की दोन पेन्सिल सेल रात्रभराच्या मैफलीला पुरत नाहीत. यूएसबी-सीला पॉवर बँक लावाच. ३२-बिट फाइल प्रत्येक फोनवर वाजत नाही, तेव्हा कलाकाराला पाठवण्याआधी २४ किंवा १६ बिटमध्ये करून द्या. (आणि कलाकाराची परवानगी आधी, फाइल सगळ्यांत पहिल्यांदा त्यांना.) मोठ्या सभागृहात लाऊडस्पीकर चालू असताना मिक्सरचा फीडही (लाऊडस्पीकरला जाणारा आवाज थेट वायरीने) सोबत घ्यायचा असेल, तर दोन इनपुट अपुरेच. तिथे सहा इनपुटांचा एफ-६ घ्या.