गोऱ्यांच्या विद्यापीठात एमएस, एचबीसीयूत पीएचडी: दोन्हीकडचा माझा अनुभव

संभाजीनगरची मुलं मला सारखी विचारतात, "दादा, एचबीसीयूत भारतीयांना घेतात का? डिग्रीला किंमत आहे का?" म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

माझं एमएस अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका मोठ्या विद्यापीठात झालं. तिथे बहुतेक मुलं गोरी. नाव लिहीत नाही. पीएचडी ग्रीन्सबरोच्या नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी विद्यापीठात. एचबीसीयू (हिस्टॉरिकली ब्लॅक कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज) म्हणजे अमेरिकेत १९६४ च्या आधी कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्था. अशा शंभराच्या आसपास आहेत आणि ए अँड टी त्यांतली विद्यार्थीसंख्येने सगळ्यात मोठी. आणि हो, आपल्याला घेतात. या संस्थांमधली साधारण एक चतुर्थांश मुलं आज कृष्णवर्णीय नाहीत.

पहिल्या विद्यापीठात सोयींना तोटा नव्हता. लायब्ररी रात्रभर उघडी, लॅब चकचकीत. पण आमच्या चौघांच्या प्रोजेक्टमध्ये दोन सेमिस्टर माझ्याकडे फक्त रिपोर्ट टाइप करायचं काम आलं. टेस्टिंग मशीनला मी हातही लावला नाही. मिडटर्ममध्ये आपटलो तेव्हा सरांचा दोन ओळींचा ईमेल आला, त्यात ट्युटोरिंग सेंटरची लिंक. मी गेलो की नाही, हे पुढे कुणी विचारलं नाही.

ए अँड टीत मी क्वालिफायिंग परीक्षेत, म्हणजे पीएचडी पुढे चालू ठेवायला पास व्हावी लागणाऱ्या परीक्षेत, पहिल्यांदा नापास झालो. दुसऱ्याच दिवशी मॅडमनी बोलावलं, दार लोटलं, माझा पेपर टेबलावर ठेवला आणि हातात मार्कर दिला. "तिसरा प्रश्न. बोर्डावर सोडव." दीड तास मी उभा. चुकलो की त्या फक्त चुकलेल्या ओळीखाली बोट ठेवायच्या, उत्तर सांगायच्या नाहीत. मग दर गुरुवारी तेच, आणि निघताना "जेवलास का?" हा प्रश्न ठरलेला. त्या स्वतः एचबीसीयूतच शिकलेल्या. समोरचं पोर आपलं आहे, ते पास झालंच पाहिजे, असं शिकवणं मी आधी फक्त बाबांच्या तोंडून ऐकलं होतं. बाबा संभाजीनगरच्या नागसेनवनातल्या, बाबासाहेब आंबेडकरांनी काढलेल्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी.

उणीव आहे ती पैशाची, आणि तिचं मूळ सरकारी तिजोरीत आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या १८९० च्या कायद्याने राज्यांना सांगितलं, कृष्णवर्णीयांना तुमच्या सरकारी कॉलेजात घ्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं काढा. नॉर्थ कॅरोलिनाने १८९१ मध्ये वेगळं काढलं, तेच हे ए अँड टी, पण पुढे हात आखडता घेतला. २०२३ मध्ये केंद्र सरकारने सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहून हिशेब मांडला. तीस वर्षांत एकट्या ए अँड टीला सुमारे दोन अब्ज डॉलर कमी मिळाले होते. म्हणून एचबीसीयूत अर्ज करताना हवं ते उपकरण कॅम्पसवर असेलच असं धरू नका, प्राध्यापकांना आधी विचारा.

डिग्रीच्या किमतीबद्दल. पुण्यातल्या एचआरला ए अँड टीचं नाव कदाचित माहीत नसेल. अमेरिकेत मात्र सर्वाधिक कृष्णवर्णीय इंजिनिअर इथूनच बाहेर पडतात, त्यामुळे इंजिनिअरिंग कंपन्यांना ते चांगलं ठाऊक आहे.

माझा जुना रूममेट म्हणाला होता, "काळ्यांच्या कॉलेजात कशाला जातोस?" मला फार राग आला. ज्यांना आपल्या आजोबांना शाळेबाहेर बसवल्याचं आठवतं, त्यांनी तरी असं बोलू नये. ही संस्था कृष्णवर्णीयांच्या लेकरांसाठी उभी राहिली, आपण तिथे पाहुणे आहोत. होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक सोहळ्याला जा, बँड ऐका, चार मित्र करा. फक्त भारतीयांच्या घोळक्यात पाच वर्षं काढलीत तर एचबीसीयूत येऊन उपयोग नाही.

पदवीदानाला आई-बाबा आले होते. कॅम्पसवर चार तरुणांचा पुतळा आहे. १ फेब्रुवारी १९६० ला इथलेच हे पहिल्या वर्षाचे चौघे विद्यार्थी गावातल्या वूलवर्थ या दुकानात, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाण्याच्या काउंटरवर बसले, कॉफी मागितली, आणि नाकारल्यावरही उठले नाहीत. मी बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "महाडला पाणी, इथे कॉफी." मग चप्पल काढून पुतळ्याच्या पायरीशी उभे राहिले. आई फोटो काढायला म्हणून मागे सरकली, आणि बाबांनी एकेकाचं नाव मला परत वाचायला लावलं.