अ‍ॅटलासचा जाम कॉटर आणि निळा-पिवळा डबा : सात महिन्यांनंतर

मे महिन्यात पडवीतल्या लाकडांमागून बाबांची जुनी अ‍ॅटलास बाहेर काढली. मालवणात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर पंधरा-वीस वर्षं उभी असलेली सायकल म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. हँडलचा क्रोम पापुद्र्यासारखा सुटत होता. चेन हातात घेतली तर काठीसारखी ताठ. पण खरा ताप दिला तो क्रँकच्या, म्हणजे पायडल ज्यावर बसतं त्या दांड्याच्या, दोन कॉटरांनी.

गंज सोडवायला डब्ल्यूडी-४० चा डबा आणला. आज डिसेंबर आहे, डबा संपत आलाय. म्हणून लिहितोय.

आधी एक गंमत. हे तेल १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला तयार झालं. पाणी हटवण्यासाठीचं मिश्रण चाळिसाव्या प्रयत्नात जमलं, म्हणून नावात ४०. त्याचा पहिला मोठा वापर झाला तो अ‍ॅटलास नावाच्या क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून. आमची अ‍ॅटलास सोनीपतची, नात्यागोत्याची नव्हे. तरी डबा फवारताना हसू आलंच.

आता कॉटर. साडेनऊ मिलिमीटर जाडीची पोलादी खुंटी, एका अंगाने तिरकी घासलेली. ती पाचरीसारखी क्रँक आणि एक्सेल यांना एकत्र आवळून धरते. पावसाचं पाणी त्या भोकात झिरपतं, गंज धरतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. म्हणजे आधीच घट्ट असलेली पाचर आतून फुगते.

पहिला, डावीकडचा कॉटर मी मूर्खासारखा काढायला गेलो. तेल मारलं, दहा मिनिटं थांबलो आणि नट पूर्ण काढून हातोडा घातला. आटे चेपून कॉटरच्या टोकाची छत्री झाली, कॉटर जागच्या जागी. खाली क्रँकला टेकूही दिला नव्हता, त्यामुळे निम्मा मार बी.बी.च्या (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा एक्सेल जिथे फिरतो तो भाग) छर्‍यांनी खाल्ला. शेवटी लेथवाल्याकडे नेऊन मधोमध पंच मारून ड्रिलने पोखरून काढावा लागला. यात तेलाचा काही दोष नाही, घाई माझी होती.

मध्ये उकळतं पाणीही ओतून पाहिलं. लोखंड तापलं की पसरतं हे खरं, पण साडेनऊ मिलिमीटरचं भोक तेवढ्या उष्णतेने जेमतेम मिलिमीटरचा शंभरावा भाग वाढतं, आणि आतला कॉटरही सोबत तापतोच. चहा करून प्यायलो असतो तर बरं.

नाक्यावरचे सायकलवाले काका हे सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "ठोकतंस कित्या? चेप." दुसर्‍या कॉटरला तेच केलं. चार दिवस सकाळ-संध्याकाळ दोन्ही टोकांना तेल. मग सुताराकडून आणलेला सी-क्लॅम्प, म्हणजे स्क्रूने आवळायचा शिकंजा, लावला. कॉटरच्या जाड डोक्याकडे गोटीपान्याची एक मोठी पोकळ गोटी, म्हणजे कॉटरला बाहेर यायला पोकळी मिळते. आट्याच्या बाजूला नट टोकाशी समपातळीत ठेवलेला, आणि त्यावर क्लॅम्पचा स्क्रू. जेवढा आवळता येईल तेवढा आवळला आणि तसाच ताणावर ठेवून जेवायला गेलो. परत येऊन क्रँकवर हातोडीने हलकी टिचकी मारली. फटाक्यासारखा आवाज झाला. आई स्वयंपाकघरातून धावत आली. कॉटर सुटला होता.

तेलाचं माप इथे कळतं. त्याने एकट्याने कॉटर काढला नाही, पण चार दिवसांच्या भिजवणीशिवाय क्लॅम्पलाही यश आलं असतं असं मला वाटत नाही. पायडल मात्र एका रात्रीत सुटली. डावं पायडल उलट आट्याचं असतं, हे विसरून आवळत बसू नका.

नवे कॉटर चाळीस रुपयांत दोन मिळाले. तिरकी बाजू कानशीने थोडी घासून बसवावी लागते. दोन्ही क्रँक एका रेषेत येईपर्यंत बसवा, बघा, काढा, घासा. एक कॉटर वरून घातला तर समोरचा खालून. ग्रीस लावून बसवले, पण तीन आठवड्यांत दर फेर्‍याला 'कट्‌' असा आवाज सुरू झाला. कारण मी कॉटर नटाने ओढून बसवले होते. नट धरून ठेवण्यापुरता. कॉटर क्लॅम्पने दाबूनच आत घालायचा. तसा घातला, पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा दाबला. त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, रोज बाजारात सहा किलोमीटर जाणं-येणं, आवाज नाही.

डब्याची एक तक्रार आहे, तीही माझ्याच वापराबद्दलची. उरलेलं तेल मी जुलैभर चेनवर आणि मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) मारत होतो. फवारलं की चाक भिरभिरायचं, मजा वाटायची. ऑगस्टमध्ये हब कुरकुरू लागला. उघडला तर ग्रीस धुऊन गेलेलं, छर्‍यांवर तपकिरी थर. ओव्हरऑइल, म्हणजे सगळं खोलून साफसफाई, करून घेतलं. आता हबला ग्रीस, चेनला सायकलवाल्याकडचं साधं घट्ट तेल, आणि डबा फक्त जाम झालेल्या गोष्टींसाठी.

जाम झालेली एक गोष्ट अजून आहेच. सीटची दांडी. बी.बी. उघडली होती तेव्हा सायकल उलटी करून खालच्या भोकातून तेल सोडलं, तीन दिवस तशीच ठेवली. दोघांनी मिळून सीट पिळली तर सीटच फिरली, दांडी नाही. बाबा माझ्यापेक्षा तीन इंच बुटके. त्यांनी कधीतरी आवळलेल्या उंचीवरच मी सात महिने गुडघे हँडलला लावत बाजारात जातोय. काका म्हणतात गॅसने तापवू. रंग जळेल म्हणून मी अजून हो म्हटलेलं नाही.