पीओई स्विच घेताना: मानकाचा, पॅसिव्ह की नुसताच 'पीओई'?

सोसायटीत आठ कॅमेरे आणि एक वायफाय ॲक्सेस पॉइंट बसवायचा म्हटलं की कोटेशनमध्ये सहसा तीन प्रकार दिसतात: आयईईई ८०२.३ मानकाचा स्विच, २४ व्होल्टचे पॅसिव्ह इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा छोटा डबा), आणि खोक्यावर मानकाचा उल्लेखच नसलेला स्वस्त 'पीओई' स्विच. पीओई म्हणजे पॉवर ओव्हर एथरनेट: तिन्हींत वीज नेटवर्कच्या केबलमधूनच जाते. खरा फरक आहे तो वीज सोडण्याआधी समोर काय जोडलंय ते तपासलं जातं का, यात.

मानकाचा स्विच आधी २.८ ते १० व्होल्ट सोडून समोर २५ किलोओहमच्या आसपासचा रोध आहे का बघतो. तो सापडला तर १५.५ ते २०.५ व्होल्टवर उपकरणाचा क्लास (त्याला किती वीज लागेल याचा गट) वाचतो, आणि मगच ४८ व्होल्टच्या घरातला पुरवठा सुरू करतो. चुकून लॅपटॉप लावला तरी तो सुखरूप राहतो. पॅसिव्ह इंजेक्टर यातलं काहीच करत नाही. केबलच्या आठ तारांपैकी ४-५ वर प्लस, ७-८ वर मायनस, कायम चालू. म्हणूनच २४ व्होल्टचं उपकरण मानकाच्या स्विचला लावलं तर नुसतं बंद राहतं, पण ४८ व्होल्टच्या पॅसिव्ह इंजेक्टरला लावलं तर जळतं.

अंतर वाढलं की हा फरक आणखी जाणवतो. १०० मीटर केबलचा रोध साडेबारा ओहम धरा. २४ व्होल्टवर अर्धा अँपिअर खेचणाऱ्या कॅमेऱ्यापर्यंत १७.७५ व्होल्टच पोचतात. रात्री इन्फ्रारेड एलईडी लागले की करंट वाढतो, व्होल्टेज आणखी पडतं आणि कॅमेरा रीस्टार्ट होत राहतो. दिवसा सगळं सुरळीत, म्हणून दोष कॅमेऱ्यावर जातो. ४८ व्होल्टवर त्याच कामाला जवळपास निम्मा करंट लागतो, त्यामुळे तारेतलं नुकसान साधारण चौथाईवर येतं. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची सीसीए केबल वापरली तर रोध दीडपटीच्या आसपास जातो. तिथे चांगला स्विचही हतबल होतो. केबल अस्सल तांब्याचीच घ्या, यात तडजोड नको.

मानकांतही पायऱ्या आहेत. २००३ च्या ८०२.३ एएफमध्ये पोर्टवर १५.४ वॉट, उपकरणापाशी १२.९५. २००९ च्या एटीमध्ये ३० आणि २५.५. २०१८ च्या बीटीमध्ये ६० किंवा ९०, आणि उपकरणापाशी ५१ किंवा ७१.३. बीटीची ही मोठी ताकद तारांच्या चारही जोड्यांतून जाते. कॅमेऱ्यासाठी चारच तारा (१-२-३-६) कनेक्टरमध्ये क्रिंप करायची सवय इथे नडते. ४-५-७-८ वरून वीज देणाऱ्या इंजेक्टरला तर अशा केबलवर एकही वॉट पोचवता येत नाही.

खरेदीत सगळ्यात जास्त फसगत होते ती एकूण वॉटमध्ये. 'आठ पोर्ट, ३० वॉट' लिहिलेल्या स्विचचा ॲडॉप्टर कधीकधी ६५ वॉटचाच असतो. क्लासप्रमाणे वाटप करणारा स्विच क्लास २ च्या कॅमेऱ्याला ७ वॉट राखून ठेवतो, म्हणजे आठांना ५६. क्लास ४ चा ॲक्सेस पॉइंट धरला की ८६. तेच कॅमेरे क्लास ० सांगत असतील तर प्रत्यक्षात पाच वॉट खाऊनही प्रत्येकी १५.४ अडकतात: आठांचे १२३.२, वर ॲक्सेस पॉइंटचे ३०. त्यामुळे कॅमेऱ्याच्या डेटाशीटवर क्लास वाचल्याशिवाय स्विच ठरवू नका. आणि इथे पोर्ट नऊ लागतात, हेही लक्षात असू द्या.

वेगवेगळ्या कंपन्यांचा माल जुळवायचा असेल तर एथरनेट अलायन्स या उद्योगसंघटनेच्या प्रमाणपत्राचा शिक्का पाहा. त्यावर क्लासचा आकडा असतो. स्विचचा आकडा उपकरणाएवढा किंवा जास्त हवा. पॅसिव्ह मी एकाच ठिकाणी सुचवेन: छतावरच्या वायरलेस ब्रिजसोबत त्याच कंपनीचा इंजेक्टर खोक्यातच आला असेल तर. त्याच्यावर ठळक चिठ्ठी लावा, म्हणजे उद्या कुणी दुसरं यंत्र त्यात खुपसणार नाही.

नुसता 'पीओई' लिहिलेला स्विच हातात आलाच असेल, तर रिकाम्या पोर्टला केबल लावून दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर धरा: ४-५ आणि ७-८ मध्ये, मग १-२ आणि ३-६ मध्ये. काहीही न जोडता २४ किंवा ४८ व्होल्ट स्थिर दिसले तर तो पॅसिव्ह आहे. मानकाच्या पोर्टवर मधूनमधून काही व्होल्टची चाचणी-स्पंदनंच उमटतात.