चित्रसंते, बेंगळुरू : विकणाऱ्याच्या बाजूने

लहान आकाराची, दोन-तीन हजारांच्या आत बसणारी कामं तुमच्याकडे असतील तर चित्रसंतेला, म्हणजे बेंगळुरूच्या रस्त्यावर भरणाऱ्या चित्रांच्या जत्रेला, जरूर जा. मोठे कॅनव्हास न्यायचे तर परत आणायच्या तयारीनं न्या. मी मिरजेची. शाळेत चित्रकला शिकवते, सुट्टीत जलरंगात निसर्गचित्रं करते. तेव्हा हे मत त्या बेतानंच घ्या.

कर्नाटक चित्रकला परिषद जानेवारीत एका रविवारी कुमार कृपा रस्त्यावर ही जत्रा भरवते. 2025 साली बाविसावी झाली. रस्ता गाड्यांना बंद, दोन्ही कडांना दीड हजाराच्या आसपास चित्रकार, आणि मधून माणसंच माणसं. अर्ज आधी करावा लागतो, निवड होते. मुंबईत काळा घोडा कला महोत्सवाला नऊ दिवस मुक्काम म्हणजे शाळेत रजेवरून बोलणी खायची. गॅलरीत प्रदर्शन करायचं तर तारखेसाठी ताटकळा, वर विक्रीतला मोठा वाटा त्यांचा. इथे एका रविवारचं काम. रात्री मिरजेकडची राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडली की सोमवारची एक रजा पुरते, आणि चित्राचे पैसे गिऱ्हाइकाच्या हातून थेट आपल्या हातात.

खरी गिऱ्हाइकं सकाळी येतात. ऊन चढायच्या आत, पायात चांगले बूट, खांद्याला कापडी पिशवी. ही मंडळी चित्राच्या अगदी जवळ जातात, कागद कुठला विचारतात, आणि न घासता पैसे देतात. माझी कृष्णाघाटाची पाव इम्पिरिअल (साधारण 11 बाय 15 इंच) आकाराची चित्रं बहुतेक याच वेळात गेली. कृष्णा कुठली हे त्यातल्या निम्म्यांना सांगावं लागलं, पण दगडी पायऱ्या आणि पाणी म्हटलं की माणसाला आपापलं गाव आठवत असावं. एक आजोबा मात्र मूळचे आमच्या मिरजेपलीकडच्या अथणीचे निघाले. त्यांनी घाट लांबूनच ओळखला आणि दोन चित्रं घेतली.

अकरानंतर कुटुंबं येतात. मुलं, आइस्क्रीम, फोन. माझं सगळ्यात मोठं चित्र, ज्यावर मी दिवाळीची सुट्टी घालवली होती, ते लोकांच्या फोटोंत मागची भिंत म्हणून फार चाललं. किंमत कुणी विचारली नाही. शेजारचा मुलगा समोर बसवून दहा मिनिटांत चेहरा काढून देत होता. त्याच्यापुढची रांग दिवसभर तुटली नाही. पलीकडे सात पांढऱ्या घोड्यांची चित्रं. वास्तुशास्त्रवाल्यांनी त्या घोड्यांना जी बाजारपेठ मिळवून दिली आहे ती आम्हा निसर्गचित्रकारांच्या नशिबी नाही. एका बाईंनी मला सरळ विचारलं, हाच घाट सोफ्याला शोभेलसा निळा करून मिळेल का. मी नाही म्हटलं. विक्री थंड असती तर काय म्हटलं असतं, सांगता येत नाही.

संध्याकाळी घासाघीस. ‘एष्टु?’ (किती?) आणि लगेच ‘स्वल्प कम्मी माडि’ (थोडं कमी करा). मिरजेत कानडी कानावर पडतच असतं, त्यामुळे निदान भाव तरी त्यांच्याच भाषेत धरून ठेवता आला. माझा नियम असा की एका चित्रावर एक पैसा कमी नाही, दोन घेतली तर माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, फुकट. किंमत मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवते. तोंडी सांगितली की दुसऱ्याच वाक्याला आपली आपणच उतरवतो.

सोय-गैरसोय. झाडं आहेत, पण सावली सरकते आणि जलरंगाला ऊन चालत नाही, म्हणून पांढरी चादर हवीच. काचेच्या फ्रेमा नेऊ नका. माउंट करून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं चित्र गिऱ्हाइकाला काखेत मारून नेता येतं आणि गर्दीत कुणाचा कोपर लागला तरी फुटत नाही. दोरी, काळ्या क्लिपा, मागे लावायला पुठ्ठा आपलाच घ्या. दुपारी एवढे फोन एका रस्त्यावर येतात की नेटवर्क दमतं. पैसे गेले की नाही हे बघत गिऱ्हाईक आणि आपण दोघंही आपापल्या फोनकडे पाहत उभे राहतो. सुटे आणि रोख हाताशी असू द्या. एकटीनं जाऊ नका. मी भाचीला नेलं होतं, म्हणून स्वच्छतागृहात आणि जेवायला जाता आलं, शिवाय थोडं हिंडून म्हैसूर शैलीतली सोन्याच्या वर्खाची कामं आणि कर्नाटकातल्या डोंगराळ मलनाडची चित्तारा लोकचित्रं बघता आली. तेवढ्यासाठीसुद्धा फेरी वसूल.

तिकिटं, लॉज, माउंटबोर्ड वजा जाता बऱ्यापैकी उरले. पुढच्या चित्रांचे कागद त्यातून आले. पोस्टकार्ड आकाराची चित्रं सगळ्यात आधी संपली, तेव्हा पुढच्या वेळी ती दुप्पट नेणार आहे. मोठं चित्र घरीच राहील.