क्लच जड झालाय: नुसती केबल बदलायची की पूर्ण क्लच सेट?

पाऊस ओसरायला लागला की गोव्यात, आमच्या डिचोलीत कोणीतरी मला हमखास विचारतं, "क्लच दाबायला जड झालाय, मेकॅनिक म्हणतो सेट बदलूया, काय करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल सोडवून बघा, सेटसाठी गिअरबॉक्स उतरवायला होकार त्यानंतर द्या.

एवढं ठामपणे सांगतो, कारण मी नेमकं उलटं केलं होतं. चवथीच्या आधी माझी जुनी छोटी गाडी पंधरा दिवस अंगणात पावसात उभी होती. मग रायबंदरच्या फेरीबोटीतून चोडणला उतरताना, रॅम्पवर हाफ क्लचवर गाडी धरली तर डाव्या पायाची पोटरी भरून आली. गॅरेजवाल्याने पेडल एकदा दाबून पाहिलं आणि सेट गेला म्हणून सांगितलं. मी मान डोलावली. संध्याकाळी गाडी हातात आली, पैसे मोजले, आणि पेडल होतं तसंच जड! दुसऱ्या दिवशी केबल काढली. पेडलकडच्या टोकाला दोन-तीन तारा तुटून काट्यासारख्या उभ्या राहिल्या होत्या, आणि केबल उलटी धरताच आतून विटकरी रंगाचं पाणी ठिबकलं. नवी केबल घातल्यावर पेडल हलकं झालं. जुना सेट अजून बरीच वर्षं चालला असता.

केबलचं काम सोपं आहे. तासाभरात होतं, लहान गाडीत खर्च हजाराच्या आसपास, गाडी त्याच दिवशी घरी. सेटचं तसं नाही. गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो, दिवस मोडतो आणि खर्च कैक पटीने वाढतो. त्या बदल्यात क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही नवी मिळतात.

आता कशाची गरज आहे हे ओळखायचं कसं? सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच प्लेट पकडतेय. पडायला वेळ लावतंय किंवा चालूच राहतंय, तर प्लेट घसरतेय. ही चाचणी एकदाच करा, पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही जळते. चोर्ला घाट चढताना इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, हेही घसरण्याचंच लक्षण. प्लेट घसरत असेल तर पुढचा विचार नको, सेटच घाला. आणि त्याच वेळी केबलही बदला, जुनी ठेवू नका.

प्लेट घसरत नसेल तर केबल गिअरबॉक्सकडच्या टोकाला सोडवा आणि आतली तार हाताने मागेपुढे ओढा. अडखळली, कुरकुरली तर दोष केबलचा. तार लोण्यासारखी सरकत असेल तर केबलवर खर्च करू नका. पेडलची पिन आणि बुश बघा. काही गाड्यांत पेडलला मदतीची स्प्रिंग असते, ती तुटली तरी पाय दुखतो. हे सगळं ठीक असेल तर फोर्क, म्हणजे गिअरबॉक्सवरचा केबल जोडलेला दांडा, हाताने हलवा. बेअरिंग प्रेशर प्लेटला टेकेपर्यंत तो सहज हलायला हवा. त्यापुढे जोर लागतोच, त्याला घाबरू नका. सुरुवातीचं ते मोकळं हलणंही गंजल्यासारखं वाटलं, तर फोर्कचा शाफ्ट किंवा बेअरिंगची नळी कोरडी पडली आहे. गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही, आणि एकदा उतरवलाच तर गाडी बरीच चाललेली असल्यास मी सेटही घालेन. फोर्कही मोकळा असेल तर संशय प्रेशर प्लेटवर. क्लच प्लेट झिजत जाते तसा प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगचा कोन बदलतो आणि पेडल महिन्या-महिन्याने जड होत जातं.

आवाजही ऐका. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. सोडल्यावर घरघर आणि दाबल्यावर शांत, तर तो गिअरबॉक्सचा आवाज, क्लचचा नव्हे.

जड केबलमध्ये तेल सोडून दिवस ढकलणारेही पुष्कळ आहेत. आत प्लास्टिकचं अस्तर असलेल्या केबलला तेल लागत नाही, उलट धूळ चिकटून ती जास्तच अडते.

तुमच्या गाडीत केबलच नसेल, तेलावर चालणारा क्लच असेल, तर हवा शिरली की पेडल मऊ पडतं, जड होत नाही. जड झालं तर पेडलकडचा मास्टर किंवा गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर अडकला आहे का, नळी तुंबली आहे का ते बघायला सांगा. क्लचच्या तेलाच्या डबीत ब्रेक ऑइलऐवजी कोणी भलतंच तेल ओतलं असेल तर आतले रबर फुगतात, तेव्हा हेही विचारा.

केबल घ्यायला जाताना जुनी बरोबर न्या आणि लांबी जुळवून घ्या. बसवताना ती कुठे तीव्र वळणार नाही, इंजिनच्या गरम भागाला टेकणार नाही, हे स्वतः वाकून बघा. पेडलचा सुरुवातीचा मोकळा खेळ (जोर लागण्याआधी पेडल सैल दबतं तेवढं अंतर) गाडीच्या पुस्तकात दिला असेल तेवढाच ठेवायला सांगा. खेळच उरला नाही तर बेअरिंग सतत टेकून राहतं आणि नवा सेटही लवकर झिजतो.