गड्ड्यापासून इमॅजिकापर्यंत: पाळण्यांच्या फोटोंसाठी स्नॅपसीड कितपत कामाचे?

मोबाईलवर फोटो सुधारण्याचे स्नॅपसीड हे ॲप निक सॉफ्टवेअर या कंपनीने २०११ मध्ये प्रथम आयपॅडसाठी काढले. पुढच्याच वर्षी गूगलने ती कंपनी विकत घेतली आणि तेव्हापासून हे ॲप फुकट मिळू लागले. त्याची सर्वसाधारण स्तुती पुष्कळ झालेली असल्यामुळे येथे एकाच कामापुरते त्याचे परीक्षण केले आहे: थीम पार्कमध्ये आणि जत्रेतल्या पाळण्यांपाशी काढलेले फोटो त्यातून किती सुधारतात? सोलापूरकरांना हा प्रश्न दोन प्रसंगी पडतो. खोपोलीजवळचे इमॅजिका किंवा हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी येथून तीनशे किलोमीटरहून लांब असल्यामुळे तिथली सहल वारंवार होत नाही आणि झाली की फोटोंचा ढीग घेऊनच माणसे परततात. दुसरा प्रसंग घरचाच, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेनिमित्त होम मैदानावर भरणारा गड्डा. आकाशपाळणा, ब्रेकडान्स, मौत का कुआँ हे सगळे तिथे हाकेच्या अंतरावर असते, म्हणून मोठ्या सहलीआधी हात बसवून घेण्यासाठी गड्ड्यासारखी जागा नाही.

या ॲपमधले सर्वांत मोलाचे साधन माझ्या मते ‘सिलेक्टिव्ह’ हे आहे. भर दुपारी डोक्यावर टोपी घातलेल्या मुलाचा फोटो काढला, की मागचा रोलरकोस्टर लख्ख दिसतो आणि मुलाचा चेहरा टोपीच्या सावलीत काळवंडतो. सगळा फोटो उजळवला तर आकाश पांढरेफटक पडते. अशा वेळी सिलेक्टिव्ह उघडून मुलाच्या गालावर बोट टेकवावे आणि दोन बोटांच्या चिमटीने त्या बिंदूचे वर्तुळ लहानमोठे करावे. चिमटी चालू असताना जेवढा भाग बदलणार तेवढ्यावर लाल छटा दिसते. ती चेहरा आणि मान यांच्यापुरती उरली, की बोट आडवे सरकवून ब्राइटनेस वाढवावा. हे साधन केवळ वर्तुळ पाहत नाही, तर बोटाखालच्या रंगाशी जुळणारा भागच प्रामुख्याने उचलते, त्यामुळे टोपीची कड किंवा मागचे आकाश फारसे हलत नाही. तीसच्या पुढे मात्र सहसा जाऊ नये. सावलीतला चेहरा उन्हातल्याइतका उजळला, की तो फोटोवर वरून चिकटवल्यासारखा दिसतो.

रात्रीच्या फोटोंची गोष्ट वेगळी. गड्ड्यातल्या रंगीत दिव्यांखाली माणसांचे चेहरे हिरवे-जांभळे होतात. ‘व्हाइट बॅलन्स’ने, म्हणजे फोटोतल्या रंगांचा तोल बदलणाऱ्या साधनाने, ते सुधारायला गेले, तर चेहरा माणसात येतो खरा, पण पाळण्याच्या दिव्यांचा रंगही उतरतो आणि जत्रेची रया जाते. यावरचा उपाय ॲपमध्येच आहे, परंतु तो इतक्या आत दडलेला आहे, की वर्षानुवर्षे ॲप वापरणाऱ्यांनाही तो ठाऊक नसतो. व्हाइट बॅलन्स लावून झाल्यावर ‘व्ह्यू एडिट्स’मध्ये, म्हणजे केलेल्या बदलांच्या यादीत, जावे, त्या पायरीवर टिचकी मारून ब्रशचे चिन्ह निवडावे आणि केवळ चेहऱ्यावर बोट फिरवावे, सुधारणा तेवढ्याच भागावर उतरते आणि दिवे जसेच्या तसे राहतात. आवृत्तीप्रमाणे बटणांच्या जागा थोड्या बदलतात, एवढे लक्षात ठेवावे.

‘हीलिंग’चे यश मागे काय आहे यावर ठरते. मोकळ्या आकाशातली विजेची तार किंवा पक्षी ते सफाईने पुसते. इमॅजिकातल्या नायट्रोसारख्या रोलरकोस्टरच्या आडव्यातिडव्या खांबांपुढे उभा असलेला अनोळखी माणूस पुसायला गेल्यास मात्र खांब मध्येच तुटतात, रेषा वाकड्या होतात आणि पाहणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. त्यापेक्षा फोटो काढताना गुडघ्यावर बसून मोबाईल खालून वर धरावा. बरीचशी गर्दी आपोआप चौकटीबाहेर जाते आणि पाळण्यामागे स्वच्छ आकाश मिळते. ‘एचडीआर स्केप’ या फिल्टरबद्दल थोडक्यातच सांगतो: आकाशापुढच्या काळ्या लोखंडी सांगाड्याभोवती तो पांढुरकी कड आणतो, म्हणून पाळण्यांच्या फोटोंवर तो न लावलेलाच बरा. ढग उठावदार हवे असतील तर ‘ट्यून इमेज’मध्ये हायलाइट्स थोडे उतरवले, की काम भागते.

काही दोष मात्र कोणत्याच ॲपने पूर्णपणे निघत नाहीत, आणि पाळण्यांच्या फोटोंमध्ये नेमके तेच अधिक असतात. वेगाने खाली येणारा डबा पुसट आला असेल, तर ‘डिटेल्स’मध्ये शार्पनिंग कितीही वाढवले तरी केवळ दाणे वाढतात. दिवसा मोबाईल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतात) शटर, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा वेळ, १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवले, तर डब्यातल्या लोकांचे उघडे तोंडसुद्धा स्पष्ट येते. रात्री हाच आकडा घातक ठरतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असतात. शटर त्याहून जलद असले, की फोटोत काळे आडवे पट्टे उमटतात आणि ते पुसताना पुरेवाट होते. रात्री १/१०० किंवा १/५० वर थांबावे. पाळण्याच्या दिव्यांची गोल वर्तुळेच हवी असतील, तर मोबाईल कठड्याला किंवा ट्रायपॉडला घट्ट लावून एक-दोन सेकंदांचे शटर द्यावे, आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील आहे तो आकडा) किमान ठेवावा आणि सूर्य मावळल्यानंतरच्या अर्ध्या तासात हे काम उरकावे, कारण त्या वेळी आकाश काळे न होता निळे असते. त्यानंतर होम मैदानावर धूळ इतकी उठते, की प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय दिसू लागते. ते काहींना आवडते. मला आवडत नाही. मोठ्या रोलरकोस्टरवर मोबाईल नेऊ देत नाहीत, तेव्हा धावत्या डब्यात बसून फोटो काढण्याचा बेत मनातूनच काढून टाकावा.

फोटो जतन करण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये जाऊन जेपीजीचा दर्जा १०० टक्के आहे ना, आणि आकार लहान होत नाही ना, हे एकदा पाहावे. व्हॉट्सॲपवर पाठवताना तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे तो दाबला जात नाही. लॅबमध्ये छापायचा असेल, तर आणखी एक गोष्ट. मोबाईलचा फोटो बहुधा ४:३ प्रमाणात असतो आणि चार-बाय-सहाचा कागद ३:२ प्रमाणात, त्यामुळे लॅबवाला आडव्या फोटोचा वरचा-खालचा भाग कापतो आणि आकाशपाळण्याचा नेमका सर्वांत वरचा पाळणा जातो. ‘क्रॉप’मध्ये ३:२ निवडून ती काटछाट स्वतःच करावी आणि कागदावर फोटो पडद्यापेक्षा काळपट येतो हे धरून ब्राइटनेस किंचित वाढवूनच तो छपाईला द्यावा.