मार्खा खोऱ्यात पाणी कशात न्यावं? ब्लॅडर की बाटल्या

लडाखमध्ये चिलिंगहून मार्खा खोऱ्यात शिरायचं आणि कोंगमारू ला ही खिंड ओलांडून उतरायचं, असा बेत ठरला की नागपूरच्या ट्रेकरांमध्ये हा वाद हमखास निघतो. मी दोन्ही वापरून पाहिलंय.

ब्लॅडरची, म्हणजे सॅकमध्ये ठेवायच्या नळीवाल्या पाण्याच्या पिशवीची, बाजू कच्ची नाही. मे महिन्यात रामटेकचा गड चढताना शर्ट पाठीला चिकटतो, तहान आपोआप लागते. लडाखच्या कोरड्या हवेत घाम कधी वाळला तेच कळत नाही आणि माणूस प्यायचं विसरतो. नळी तोंडाशी असली की चालता चालता घोट घोट पाणी पोटात जातं. सॅकच्या बाजूची बाटली मात्र मागच्याकडून काढून घ्यावी लागते.

तरी माझं मन ब्लॅडरवरून उतरलं, कारण त्यातलं पाणी दिसत नाही. मार्खा नदीला बर्फ वितळून पाणी येतं. सकाळी ती निवळ असते, दुपारी ऊन तापलं की फुगते आणि गाळ घेऊन येते. ते पाणी दुपट्ट्यातून गाळलं तरी गढूळच राहतं, आणि गढूळ पाण्यात क्लोरीनची गोळी नीट काम करत नाही. पारदर्शक बाटली थोडा वेळ उभी ठेवायची, गाळ तळाशी बसलेला दिसला की वरचं निवळ पाणी दुसऱ्या बाटलीत ओतायचं, मग गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. ब्लॅडरमध्ये हे जमत नाही. तो भरायचा तर वाऱ्यात अर्धी सॅक उपसा. आणि पाणी संपलंय हे कळतं ते थेट नळीतून हवा आल्यावर. खिंडीच्या चढावर, जिथे वर पाण्याचा थेंब नाही, तिथे ती हवा ओढताना मी फार वैतागलो होतो.

खिंडीआधीच्या मुक्कामी, निमालिंगला, पहाटे नळीही गोठते. झोपण्याआधी फुंकून रिकामी केली तर टळतं, पण दमल्यावर रोज ते करणं मला तरी जड गेलं. बाटलीत रात्री गरम पाणी भरून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवता येतं, सकाळी तेच प्यायला.

ब्लॅडर घरात असेल तर खालच्या गावांमधल्या वाटेवर खुशाल वापरा. नवीन घेणार असाल तर मी एकेक लिटरच्या दोन पारदर्शक बाटल्याच सुचवेन. तोंड रुंद बघून घ्या, म्हणजे होमस्टेमधलं उकळलेलं पाणी पातेल्यातून न सांडता भरता येईल.